बाबांची पंच्याहत्तरी दमणच्या किनाऱ्यावर: बत्तीस जण एकत्र आणि गरम जेवतील असं कसं जमवायचं?

रावपुऱ्याची लेक:

नमस्कार मंडळी. बडोद्याहून मोठा घोळका घेऊन दमणला जेवायला गेलेलं कुणी असेल, किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघराची आतली माहिती असलेलं कुणी असेल, तर कृपया वेळ काढून उत्तर द्या. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून लांब लिहिते.

28 जानेवारीला बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. आम्ही भावंडांनी आधी हॉलचं पाहिलं, केटररशी बोललो, अगदी शालही बघून ठेवली. बाबांना कळलं तेव्हा म्हणाले, "स्टेजवरच्या खुर्चीत बसवून ओवाळायला मी काय नवरदेव आहे? सगळे दमणला चला. तिथं जेवू, समुद्र बघू, परत येऊ." दमण म्हणजे त्यांचं ते एकच हॉटेल, जंपोरच्या बाजूचं, सुरूच्या झाडांपलीकडे. बाबा फर्टिलायझरच्या कारखान्यात होते. वर्षाची मोठी सुटी गावी जायची, पण अधूनमधून जोडून सुटी आली की आम्हाला स्कूटर, मग फियाट, मग मारुती असं करत ते तिकडेच न्यायचे. बडोद्यात चांगली मासळी मिळत नाही असं नाही, पण बाबांच्या मते मासा समुद्राच्या वाऱ्यातच खावा, घरी आणला की त्याचं नुसतं कालवण होतं.

त्या हॉटेलात आम्ही मेन्यूकार्ड कधी उघडलेलं मला आठवत नाही. बाबा गाडीतून उतरून सरळ मागच्या दारी जायचे. तिथं बर्फावर मासळी मांडलेली असते. पापलेटचा कल्ला अंगठ्यानं उचलून आतला रंग बघायचा, डोक्याच्या मागे दाबून चीक येतो का बघायचं, सुरमईच्या डोळ्यात बघायचं, मग कुठला तळायचा, कुठल्याचा रस्सा, कोलंबी किती, हे तिथंच उभ्या उभ्या सांगायचं. बाहेर येऊन हात धुतले की आमच्याकडे बघून नुसती मान हलवायचे. ती मान हलली की आम्हाला कळायचं, आज बोंबील चांगले आहेत. आचारी आता दुसरा आहे, गल्ल्यावर मालकाचा मुलगा बसतो, पण बाबा अजूनही मागच्या दारानंच जातात.

आता अडचण. आम्ही बत्तीस जण आहोत. त्यात अकरा शाकाहारी: माझे सासू-सासरे, धाकट्या बहिणीच्या सासरची मंडळी (अस्सल बडोदी पटेल, फार प्रेमळ माणसं) आणि भावाच्या मित्राचं जैन कुटुंब, ज्यांना कांदा-लसूणही चालत नाही. सहा मुलं, दहा वर्षांच्या आतली. मोठी आत्या वॉकर घेऊन चालते, आईचे गुडघे धरलेले आहेत. मागे दुसऱ्या एका शहरात साखरपुड्याला आम्ही चोवीस जण हॉटेलात बसलो होतो. टेबलाच्या या टोकाचं ताक पिऊन झालं तरी त्या टोकाला पहिली बशी आलेली नव्हती. ज्यांना मिळालं ते संकोचानं थांबले, त्यांचं गार झालं. ज्यांना मिळालं नाही ते "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत राहिले. बाबांच्या दिवशी मला हे होऊ द्यायचं नाही. सगळ्यांनी एका वेळी, गरम जेवायला हवं.

सगळे सांगतात, आधीच ऑर्डर देऊन टाका. पण आधीच सगळं ठरवलं तर बाबांनी मागच्या दारी जाऊन करायचं काय? पंच्याहत्तरीच्या दिवशी त्यांच्याच हॉटेलात त्यांच्यापुढे वाढलेलं ताट आणून ठेवायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. आणि सगळं त्यांच्यावर सोडलं तर बत्तीस जणांची निवड करता करता दोन वाजतील.

दुसरं, रविवार कुठला? वाढदिवस बुधवारी आहे. आदला रविवार 25 जानेवारी, त्याला जोडून 26 ची सुटी, त्यामुळे पुण्या-मुंबईचे सगळे तोच म्हणतात. पुढचा रविवार 1 फेब्रुवारी. मला स्वतःला फरक पडत नाही, जेवण कुठल्या दिवशी नीट होईल ते सांगा.

आणि बिलाचं काय करावं? बाबा खिशात हात घालणार, हे ठरलेलं आहे. आजवर तिथलं बिल दुसऱ्या कुणी दिलेलं त्यांनी चालवून घेतलेलं नाही.

---

कारेलीबागकर:

बाबांना आगाऊ शुभेच्छा. माझा छोटासा अनुभव: 26 जानेवारीला जोडून आलेल्या रविवारी दमणला जाऊ नका. अर्धा दक्षिण गुजरात तिथं असतो. वापीहून दमण जेमतेम बारा किलोमीटर, पण अशा दिवशी त्या बारा किलोमीटरला लागणारा वेळ सांगता येत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत राखून ठेवलेलं टेबलही "पाच मिनिटं, साहेब" म्हणत लांबतं, कारण आधीचे लोक उठत नाहीत.

---

उंबरगावची माहेरवाशीण:

ताई, तुमचं वाचून माझे वडील आठवले. मी मांगेल्यांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या घरची, माहेर उंबरगावला, लग्नानंतर मांजलपूरला आले. आमच्याकडे पाहुण्यांना जेवायला बोलवायचा दिवस कॅलेंडरच्या लाल रंगावर ठरत नाही, तिथी बघून ठरतो. म्हणून तुमचा रविवारचा प्रश्न मला सोपा वाटला.

25 जानेवारीला रथसप्तमी आहे आणि 1 फेब्रुवारीला माघी पौर्णिमा. भरतीची वेळ काढायची आमच्याकडची रीत अशी: तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं. सप्तमीला सात पाऊण सव्वापाच, म्हणजे साधारण सव्वापाचला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. हे मुंबईच्या अंगाचं गणित. खंभातच्या आखाताकडे जावं तशी भरती उशिरा पोचते, दमणला तासाभराहून जास्त पुढे धरा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या, पण अंदाजाला पाऊणकी पुरते. आता मांडून बघा. सप्तमीच्या रविवारी तुम्ही दुपारी एकला जेवायला बसलात तर ऐन ओहोटी असेल. जंपोरचा किनारा इतका सपाट आहे की पाणी पार लांब जातं, समोर नुसता काळसर ओला चिखल आणि त्यात चालणारी माणसं दिसतात. पौर्णिमेच्या रविवारी त्याच वेळी पाणी सुरूंच्या दिशेनं चढलेलं असेल. बाबांना समुद्र बघायचा आहे ना? मग पौर्णिमाच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं आणि अष्टमीच्या आसपास भांग. आपल्या बाजूचे बोंबील डोल जाळ्यात येतात. डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं, समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात, तोंड प्रवाहाकडे. त्याच्यामागे कुणी धावत नाही, पाण्याची ओढच मासळी त्यात आणून भरते. उधाणाला ओढ जोराची, जाळं भरतं. भांगाला पाणी सुस्त असतं, पुष्कळ डोलकर तेव्हा जाळी वाळत घालतात, शिवायला काढतात. म्हणून सप्तमी-अष्टमीला हॉटेलात बोंबील नसतील असं नाही, पण ते कधीचे असतील ते बाबा कल्ला उचलून सांगतील. बोंबलात पाणीच जास्त, तो बर्फात एक दिवस राहिला तरी लोळागोळा होतो. ताजा असेल तर रव्यात घोळून तळल्यावर बाहेरून कुरकुरीत आणि आत साय.

जानेवारी-फेब्रुवारी मासळीला चांगलाच काळ आहे, त्याची काळजी नको. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हाची पंच्याहत्तरी असती तर मी तुम्हाला बडोद्यातच थांबा म्हटलं असतं.

लहान मुलांबद्दल एक सांगते आणि हे मनावर घ्या. उधाणाचं पाणी झरझर चढतं आणि ओहोटी लागली की तितक्याच ओढीनं परततं. जेवणं झाल्यावर मोठी माणसं सुस्तावतात, मुलं पाण्याकडे पळतात, आणि नेमकी तीच ओहोटी लागायची वेळ. दोन मोठ्या माणसांना आधीच नेमून ठेवा, त्यांनी त्या वेळात मुलांपासून हलायचं नाही. मुलांच्या पानात सुरमई किंवा रावस घाला, मधला मोठा काटा काढला की काम झालं. बोंबलाचा काटाही मऊ. बोय चवीला फार सुंदर, पारशी लोक जीव टाकतात तिच्यावर, पण बारीक काटे काढून देता देता तुमचं जेवण राहील. आणि मुलांपैकी कुणी कोलंबी आजवर खाल्ली नसेल तर तिची पहिली चव घरापासून सव्वादोनशे किलोमीटरवर देऊ नका. काहींना ती अजिबात सोसत नाही, अंगावर गांध्या येतात.

---

दांडियाबाजारचे काका:

बेटा, मी चाळीस वर्षं लग्नकार्यांची जेवणं करतोय. आमच्या कामाला मंगल कार्यालयाची चूल लागते, हॉटेलची चूल वेगळी, पण हिशेब तोच. तुला जो त्रास साखरपुड्याला झाला त्याचं कारण वाढपी नाहीत, तवा आहे.

समज, एका तव्यावर दहा-बारा तुकड्या बसतात. मासा नीट व्हायला एका घाण्याला आठ-दहा मिनिटं. तुमच्यात मासे खाणारे एकवीस, माणशी दोन तुकड्या म्हटलं तरी बेचाळीस, म्हणजे चार घाणे, म्हणजे पाऊण तास. त्यात कुणी पापलेट फ्राय, कुणी सुरमई फ्राय, कुणी रावस फ्राय मागितलं की तव्यावर मसाले बदलत बसावं लागतं. रविवारी बाकीची टेबलंही त्याच तव्यावर. म्हणून मोठ्या पंगतीला नियम धर: तव्यावरचा जिन्नस एकच, कढईत तळायचा एकच, बाकी सगळं पातेल्यातलं किंवा वाफेवरचं. बोंबील कढईत भराभर निघतात. रस्सा पातेल्यात तयार असतो, बत्तीस वाट्या दोन मिनिटांत भरतात. कोलंबीचा पातियो, म्हणजे पारशी पद्धतीचं आंबट-गोड कालवण, तसाच. पानात गुंडाळून वाफवलेली मच्छी तर सगळ्यांत सोयीची, पान उघडेपर्यंत गरम राहते. खेकडा त्या दिवशी नको. खेकडा खाणारा तासभर त्याच्यातच असतो, बाकीचे हात वाळवत बसतात.

आता बाबांचं. तू दोन टोकं मांडलीस, सगळं आधी किंवा सगळं बाबांवर. मधला रस्ता आहे. शाकाहारी सगळं, भात, रस्सा, सोलकढी, पोळ्या-भाकऱ्या, मुलांचं, हे आठवडाभर आधी ठरवून लिहून पाठव. फोनवर बोलायचं आणि मग तेच मोबाइलवर लिहूनही पाठवायचं, म्हणजे रविवारी गल्ल्यावर दुसरं माणूस असलं तरी कागद असतो. मासळीचं फक्त वजन सांगून ठेव. मी माणशी पाव किलो न साफ केलेली मासळी धरतो, म्हणजे तुमची सव्वापाच-साडेपाच किलो. कुठला मासा ते सांगायचं नाही, ते बाबांचं. "आमचे वडील येऊन निवडतील, तोवर कापू नका" एवढंच मालकाला सांग. चांगला हॉटेलवाला यानं खूश होतो, त्याच्या मासळीची कदर करणारं गिऱ्हाईक आहे ते.

फक्त बाबांना आणि एका मुलाला बाकीच्यांच्या पाऊण तास आधी पोचव. बस सुरतला पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, खायला थांबेल तेव्हा त्यांची गाडी पुढे जाऊ दे. बाबा शांतपणे ट्रेपाशी उभे राहतील, मागे कुणी "झालं का" म्हणणारं नसेल. बाकीचे येऊन हात धुऊन बसेपर्यंत पहिला घाणा तव्यावर.

बसायचं कसं, तेही ठरव. बत्तीस जणांची एक लांब रांग करू नकोस, टोकाच्या माणसाला मधलं काही ऐकू येत नाही. चौकोनाच्या तीन बाजू करा, उघडी बाजू समुद्राकडे. बाबा मधल्या बाजूला, मध्यावर. आत्याबाईंना बाहेरच्या टोकाला, वॉकर बाजूला उभा राहील आणि उठायला कुणाला सरकावं लागणार नाही. वाळूत वॉकर चालत नाही, फरशीवरचंच टेबल माग. दुपारी वारा समुद्राकडून येतो, ताटं लवकर गार होतात, म्हणून तळलेलं मोठ्या परातीत एकदम आणायचं नाही. लहान बश्या, दर चार माणसांमागे एक. त्या बशीतलं संपेतो पुढची आलेली असते.

शाकाहारींना वेगळं बसवू नकोस. पटेल मंडळी बडोद्याची आहेत, शेजारी मासा खाताना बघून त्यांना काही होत नाही. पण त्यांच्या तेलाबद्दल खात्री कर. वेगळी कढई, वेगळं तेल, वेगळा झारा, हे हॉटेलला आधी विचार आणि गोलमोल उत्तर आलं तर तळलेलं काहीच त्यांना देऊ नकोस. जैन कुटुंबाला स्वतः फोन करून त्यांना काय चालतं ते विचार, हॉटेलवाल्याच्या अंदाजावर सोडू नकोस.

---

अलकापुरीतला वसंत ऋतू:

काकांचं सगळं पटलं. शाकाहारींसाठी एक भर घालतो. थंडीत वलसाडच्या बाजूला, डुंगरीपासून पुढे हायवेवर उबाडियुं मिळतं. पापडी, रताळी, कंद, बटाटे, वर कलार नावाचा पाला, सगळं मडक्यात भरून मडकं उलटं ठेवून भोवती विस्तव. कोकणातल्या पोपटीची सख्खी बहीण. हिरवी चटणी आणि ताक बरोबर. तुमच्या पटेल व्याह्यांना ते बघून इतका आनंद होईल की मासे खाणारे त्यांच्याकडे मागायला येतील. हॉटेलला आधी विचारून घ्या, बाहेरचं आणलेलं चालेल का. बहुतेक ठिकाणी मोठ्या पंगतीला नाही म्हणत नाहीत. जैन मंडळींना मात्र त्यातले कंद चालणार नाहीत, त्यांचं वेगळं बघा.

दुसरं, मी कराचं काम करतो म्हणून बिलाबद्दल सांगतो. जेवणावर साधारणपणे पाच टक्के जीएसटी लागेल. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरले. इतक्या मोठ्या बिलात तो आकडा दिसला तर नम्रपणे काढायला सांगा आणि ज्या पोऱ्यांनी पळापळ केली त्यांच्या हातात स्वतः पैसे द्या. मासळीचा भाव वजनावर असतो, बाबा निवडतील तेव्हाच किलोचा भाव बरोबरच्यानं लिहून घ्यावा.

आणि दमण आहे म्हणून लिहावंच लागतं. कुणाला बिअर घ्यायची असेल तर त्याचं बिल वेगळं करा, ते बाबांच्या जेवणात मिसळू नका. बाटली गाडीत घालून परत येणं हा गुजरातच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि हद्दीवर गाड्या तपासतात. एका बाटलीसाठी अख्खी बस, आजी-आत्यांसकट, रस्त्याच्या कडेला थांबेल. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे आपल्याला सांगावं लागतं, त्यांच्या लक्षात येत नाही.

---

बाजवाड्याचा नातू:

बिलावर मी बोलतो, कारण आमच्या आजोबांचंही असंच होतं. मुलांनी परस्पर बिल भरलं की ते दिवसभर गप्प बसायचे. त्यांना पैशाचं दुःख नव्हतं, पाहुण्यांना आपण जेवू घातलं नाही असं त्यांना वाटायचं. शेवटी काकानं वाटणी काढली: मासळी आजोबांची, बाकी सगळं पोरांचं. हॉटेलवाल्याला आधी सांगून दोन बिलं करायला लावली. मासळीचं बिल त्यांच्या हातात यायचं, ते चष्मा लावून वाचायचे, वजन ताडून बघायचे, पैसे मोजून द्यायचे. तुमच्या बाबांनी निवडलेल्या मासळीचे पैसे बाबांनीच द्यावेत, यात वावगं काही नाही. त्या दिवशी यजमान ते आहेत.

---

कारेलीबागकर:

वा, हे छान सुचवलंत. अजून एक, मासळीत घोळ मिळाली तर बाबांना सुचवा. 2023 मध्ये गुजरातनं घोळ राज्यमासा ठरवली आणि महाराष्ट्रानं त्याच वर्षी पापलेट. आपण बडोद्याची मराठी माणसं, दोन्ही एका टेबलावर असायला हवेत.

---

उंबरगावची माहेरवाशीण:

घोळ मोठी असते, तिच्या जाड तुकड्या तव्यावर वेळ घेतात. रश्शाला घ्या. पापलेट तव्यावर, बोंबील कढईत. काकांचा नियम बसतो बघा. आणि पापलेट तळहाताहून लहान असतील तर बाबांना म्हणावं, नका घेऊ. पिल्लं खाल्ली तर पुढच्या वर्षी मोठी कुठून यायची?

---

रावपुऱ्याची लेक:

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं लिहिलंत, मनापासून आभार.

1 फेब्रुवारी पक्की केली. पुण्या-मुंबईच्यांनी सोमवारच्या सुटीसाठी थोडी कुरकुर केली, पण मी माहेरवाशीणताईंची पाऊणकी त्यांना जशीच्या तशी वाचून दाखवली, मग माझ्या काकानं स्वतःच रजा टाकतो म्हटलं. आईला विचारून घेतलं, ती संकष्टी करते, पौर्णिमेचा तिचा उपास नसतो. सासूबाई पौर्णिमेला घरी सत्यनारायण करतात, तो त्या आदल्या दिवशी उरकणार आहेत आणि प्रसादाचा शिरा बरोबर आणणार आहेत.

हॉटेलला काल फोन केला. मालकाच्या मुलाला मी "मागच्या दारानं येणारे बडोद्याचे काका" म्हटल्याबरोबर त्यानं बाबांना ओळखलं. फरशीवरची जागा देतो म्हणाला, साडेबाराला बसायचं ठरलं. शाकाहारीसाठी कढई वेगळी आहे, पण तवा एकच, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. त्यामुळे तव्यावरचं त्यांना काही नाही. त्यांच्यासाठी कढईतली भजी, वरण-भात, भाजी आणि वलसाडचं उबाडियुं. जैन कुटुंबाशी बोलले, त्यांना कांदा-लसूण-बटाटा न घातलेलं वरण, भात, दुधीची भाजी आणि पोळ्या पुरे आहेत, तेही लिहून पाठवलं. "मासळी वडील निवडतील, तोवर सुरी लावू नका" म्हटलं तर हसला आणि म्हणाला, त्यांच्याआधी आम्ही कधी लावली आहे?

दोन बिलांचंही सांगितलं. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही, मासळीचं बिल त्यांच्यापुढे येईल आणि ते देतील.

मुलांवर लक्ष ठेवायला भाऊ आणि माझा नवरा. दोघांनी त्या वेळी फोन बाजूला ठेवायचं कबूल केलंय.

एकच राहिलं. बस करावी की रेल्वेनं वापीपर्यंत जावं? आत्याला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत.

---

दांडियाबाजारचे काका:

आत्याबाई, आई आणि बाबा यांची एक मोटार करा, तीच आधी निघू दे, म्हणजे बाबा लवकर पोचायचा प्रश्नही सुटला. बाकीच्यांना बस. रेल्वेनं बत्तीस जणांची मोट वापीला उतरवून पुन्हा रिक्षांत कोंबायची, मग जेवण तीनला.

बस सकाळी साडेसहाला सोडा, सातला नको. भरूचला नर्मदेवर 2017 मध्ये नवा पूल झाल्यापासून पूर्वीसारखं तासन्‌तास अडकत नाही, पण रविवारी अंकलेश्वर ते सुरत गाड्या असतातच. नाश्ता गाडीतच: लीलो चिवडा, भाकरवडी, थर्मासमध्ये चहा. सेव-उसळ खायला थांबायचा आग्रह कुणी केला तर ऐकू नका, सेव-उसळीवर बोंबील कुणी खात नाही. सुरतला पंधरा मिनिटं पोंक, डुंगरीला उबाडियुं उचलायचं. मडकं फोडून गरम बांधून घ्यायला दहा मिनिटं लागतात, म्हणून तिथं आदल्या दिवशी फोन करून ठेवा.

परतीला साडेचारला निघा, साडेनऊ-दहापर्यंत घरी. आणि बेटा, ड्रायव्हरचं जेवण तुमच्या यादीत धरलंस का? बत्तीस नाही, बस आणि मोटार मिळून चौतीस म्हणून सांग हॉटेलला.